वाचकांचे प्रश्न : पगार परळचा, घर बदलापूरला

प्रश्न : मी बदलापूर पूर्वेला राहते. अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका कंपनीत अकाउंट्समध्ये आहे. हातात २८,५०० रुपये येतात, बेसिक १५,००० आहे. स्कूटरने वीस मिनिटांत ऑफिस, साडेसहाच्या आत घरी. सुट्टी फक्त रविवारी. आता लोअर परळच्या एका कंपनीकडून वर्षाला ५ लाख ४० हजारांची ऑफर आली आहे, म्हणजे महिना ४५ हजार. शनिवार-रविवार सुट्टी. नवरा म्हणतो, एवढी उडी पुन्हा मिळायची नाही. सासूबाई काही बोलत नाहीत, पण चार वर्षांची मुलगी शाळेतून आली की त्याच सांभाळतात आणि त्यांचे गुडघे दुखतात. काय करावं? (एक वाचक, बदलापूर)

उत्तर : आधी तो ४५ हजारांचा आकडा खोडून टाका. तुम्ही रोज दुसऱ्यांचे हिशेब जुळवता आणि स्वतःच्या पगाराला मात्र सरळ बाराने भागलंत! ऑफर लेटरच्या मागे जोडलेला तक्ता पाहा. वर्षाचे ३६ हजार 'व्हेरिएबल' आहेत, म्हणजे महिन्याला ३,००० कंपनीच्या मर्जीवर. बेसिक २२,५००. त्यावर कंपनीच्या वाट्याचा पीएफ २,७०० आणि ग्रॅच्युइटीचे १,०८२ हे याच पॅकेजमध्ये धरलेत. ग्रॅच्युइटी कायम नोकरीत साधारण पाच वर्षं काढली तरच मिळते. हे सगळं वजा केलं की उरतात ३८,२१८. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ २,७०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात साधारण ३५,३००. इन्कम टॅक्सची काळजी नको. नव्या करपद्धतीत पगारदारांना पावणेतेरा लाखांपर्यंत कर लागत नाही. थोडक्यात, हातातला फरक साडेसोळा हजारांचा नाही, ६,८०० चा आहे.

आता खर्च. लोकलचा सेकंड क्लासचा पास अजूनही स्वस्त आहे आणि त्यामुळेच फसायला होतं. पैसे पासाच्या आजूबाजूला जातात : स्टेशनजवळ स्कूटरचं पार्किंग, पावसाळ्यात रिक्षा, दादरला चुकलेल्या गाडीपायी घेतलेली टॅक्सी. हे सगळं धरून २,००० लावू. सासूबाईंच्या मदतीला संध्याकाळी तीन तास बाई ठेवावी लागेल, तिचे २,५०० तुम्हीच लिहिलेत. रात्री साडेआठला दारात पाऊल टाकल्यावर कणीक मळायचं त्राण नसतं, म्हणून आठवड्यातून दोन-तीनदा पोळीभाजी केंद्र, १,५०० त्याचे. सध्याचं पेट्रोल ९०० वाचेल. म्हणजे वाढीव खर्च ५,१००. हातात जादा पडले १,७००. पीएफमध्ये दोन्ही वाटे मिळून आताच्यापेक्षा १,८०० जास्त जमतील, तेही तुमचेच. एकूण फायदा ३,५०० रुपये.

हे ३,५०० मिळवायला तास किती लागतात? घरापासून टेबलापर्यंत दोन तास धरा. म्हणजे रोज चार, महिन्याच्या २२ दिवसांचे ८८. सध्या २६ दिवस रोज ४० मिनिटं, म्हणजे सतरा तास. प्रवास सत्तरेक तासांनी वाढला. पण शनिवार सुटतो हे विसरू नका. बहुतेकजण इथे हिशेबात चुकतात. अंबरनाथला महिन्याचे कामाचे तास २२१ होतात, परळला १९८. तेवीस तास परत आले. म्हणजे घराबाहेरचे जादा तास साधारण ४८, आणि त्यांचा भाव तासाला ७३ रुपये. आज पीएफ धरून तुमचा घराबाहेरचा तास १३५ रुपयांना जातो. म्हणजे हे नवे तास तुम्ही जवळजवळ निम्म्या भावात विकणार आहात, आणि त्यातले बरेचसे उभ्याने.

त्या उभ्याने जाण्याबद्दल थोडं. कल्याणच्या पुढे बदलापूरकडे अजून दोनच रूळ आहेत. तिसरी-चौथी लाइन एमयूटीपी-३ए या रेल्वे प्रकल्पात आहे, ती होईपर्यंत लोकल आणि लांबच्या गाड्या एकाच वाटेने जाणार. एक लोकल चुकली की डोंबिवलीकरासारखी पाठोपाठ दुसरी येत नाही. बदलापूरहून सुटणारी लोकल धरलीत तर बसायला मिळेल. कर्जत-खोपोलीहून येणारी मिळाली तर लेडीज डब्यात 'कुठे उतरणार?' विचारत चौथ्या सीटचा नंबर लावावा लागेल. परतीला कल्याणपर्यंत तेवढीही आशा नाही. आणि पावसाळा. २७ जुलै २०१९ ला बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुराच्या पाण्यात अडकलेली महालक्ष्मी एक्सप्रेस तुम्ही पाहिली असेल. हजारावर प्रवासी बाहेर काढावे लागले. एवढं दरवर्षी होत नाही. पण अंबरनाथहून तुम्ही स्कूटरने, नाहीतर चालतसुद्धा घरी याल. परळहून येऊ शकणार नाही, आणि त्या रात्री मुलगी कुणाजवळ असेल हे आत्ताच ठरवून ठेवायला हवं.

मग नकार द्यायचा? मी तसं म्हणणार नाही. तुमच्या पत्रात एक ओळ आहे जिच्यावर तुम्हीच जोर दिलेला नाही : सध्याच्या जागी सहा वर्षं तेच व्हाउचर एंट्रीचं काम. परळला जीएसटी रिटर्न, ऑडिटचं काम आणि सॅप शिकायला मिळणार असेल, तर आजच्या ३,५०० पेक्षा दोन वर्षांनी बायोडेटावर काय लिहिता येईल याची किंमत मोठी आहे. तसं शिक्षण घेऊन कल्याण-ठाण्यात, घराच्या जवळ परत येता येतं. मात्र हे काम खरंच तुमच्या हातात येणार आहे का, हे मुलाखत घेणाऱ्या साहेबांना स्पष्ट विचारा. 'हळूहळू देऊ' असं उत्तर आलं तर ते नाही समजा.

आणि पगार वाढवून मागण्याऐवजी घरून काम मागा. आठवड्याला एक दिवस मिळाला तर जादा तास ३२ वर येतात, भाव ११० च्या आसपास जातो. अजून पुरेसा नाही. दोन दिवस मिळाले तर जादा तास फक्त १६ उरतात आणि भाव २०० च्या वर. तिथे व्यवहार उलटतो. अकाउंट्समध्ये महिनाअखेर सोडली तर हे अशक्य नाही. पण तोंडी आश्वासन नको, ऑफर लेटरमध्ये किंवा निदान ईमेलवर घ्या. साहेब बदलले की तोंडी सवलत पहिली जाते.

सही करण्याआधी एक रजा टाका आणि सोमवारी, ऑफिसच्याच वेळेला, करी रोडपर्यंत जाऊन संध्याकाळच्या गर्दीत परत या. रविवारी दुपारी करून पाहिलेला प्रवास मोजायचा नाही. माझं मत विचाराल तर : दोन दिवस घरून आणि कामाचं स्वरूप लेखी मिळालं तर जा; यातलं एकच मिळालं तर मुलगी पहिलीत जाईपर्यंत थांबा. यजमानांना हा कागद दाखवा. उडी मोठी आहे हे त्यांचं म्हणणं पॅकेजपुरतं खरं आहे.

प्रश्न : नाशिकला माझा स्वतःचा फ्लॅट आहे, कर्ज चालू आहे. नोकरी बीकेसीत, आठवड्याला चार दिवस. पगार १६ लाख, बेसिक ८ लाख. पंचवटी एक्सप्रेसने ये-जा करून थकलो. ठाण्यात १४ हजारांची खोली घेतली तर एचआरए आणि कर्जाचं व्याज, दोन्हींवर कर वाचेल का? तसं झालं तर खोली फुकटात पडेल, असं मित्र म्हणतो. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : मित्राला म्हणावं, पेन हातात घे. जुन्या करपद्धतीत दोन्ही सवलती एकत्र मिळतात. घर एका गावात आणि नोकरीसाठी भाड्याने दुसऱ्या गावात, यात कायद्याची काही अडचण नाही. पण एचआरएची सूट म्हणजे भरलेलं सगळं भाडं नव्हे. तुमच्या बाबतीत वर्षाच्या १ लाख ६८ हजार भाड्यातून बेसिकचे दहा टक्के, म्हणजे ८० हजार, वजा होतात आणि सूट ८८ हजारांवर येते. त्यात व्याजाचे दोन लाख, ८०-सी चे दीड लाख आणि ५० हजारांची प्रमाणित वजावट घातली तरी जुन्या पद्धतीत कर सेससह साधारण १ लाख ५२ हजार होतो. नव्या पद्धतीत यातली एकही सवलत न घेता, फक्त ७५ हजारांची वजावट धरून, १ लाख १३ हजार. म्हणजे तुम्ही नव्या पद्धतीतच राहायचं आणि खोलीचे १४ हजार पूर्णपणे खिशातून जाणार असं धरायचं.

तरीही खोली घ्या. गाडीतच एका वेळेला साडेतीन तासांच्या आत-बाहेर जातात. दारापासून दारापर्यंत रोज नऊ तास प्रवास हा कुठल्याच पगाराला परवडत नाही. सोमवारी पहाटे निघायचं, गुरुवारी संध्याकाळी परत, मधल्या तीन रात्री ठाण्यात. महिन्याला बारा रात्रींसाठी पूर्ण खोली कशाला, म्हणून आधी पेइंग गेस्ट किंवा दोघांत भागीदारी बघा. खोली घेतलीच तर लीव्ह अँड लायसन्सचा करार नोंदवून घ्या; महाराष्ट्रात तो बंधनकारक आहे, आणि डिपॉझिट परत मागताना नोंदवलेला कागदच कामाला येतो.

समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाल्यापासून ओळखीतले चौघे मिळून एका गाडीने जाण्याचा विचार बरेच नाशिककर करतात. पेट्रोल-टोल वाटून घेणं वेगळं. पांढऱ्या पाटीच्या गाडीत रोज ठरावीक भाडं घेऊन माणसं नेली, तर परमिटचा प्रश्न येतो आणि अपघात झाल्यावर विमा कंपनी नेमकं तेच विचारते.

प्रश्न : माझा भाऊ टिटवाळ्याहून मुलुंडला कामाला जाताना गर्दीत लोकलच्या दारातून पडून गेला. पाकीट सापडलं नाही, पासही त्यातच होता. पास नाही म्हणून काही मिळणार नाही असं सांगतात. खरं आहे का? (एक वाचक, टिटवाळा)

उत्तर : खरं नाही. रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १२४-अ प्रमाणे गाडीतून चुकून पडणं ही भरपाईस पात्र घटना आहे. रेल्वेची चूक सिद्ध करावी लागत नाही. मृत्यूसाठी रक्कम ८ लाख रुपये आहे. मृताजवळ तिकीट सापडलं नाही एवढ्यावरून तो अधिकृत प्रवासी नव्हता असं ठरत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने रीना देवी प्रकरणात २०१८ मध्ये सांगितलं आहे. सुरुवातीला तुम्ही प्रतिज्ञापत्र द्यायचं, मग उलट सिद्ध करणं रेल्वेवर. दारात उभं राहणं हा निष्काळजीपणा असेल, पण तेवढ्यानेही दावा जात नाही. रूळ ओलांडताना गाडीखाली आल्याची नोंद झाली असेल तर मात्र प्रकरण अवघड होतं, म्हणून लोहमार्ग पोलिसांच्या पंचनाम्यात काय लिहिलंय ते आधी वाचा. पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, स्टेशन मास्तरांचा मेमो आणि पूर्वीच्या पासांचा काही पुरावा गोळा करा. रेल्वे दावा न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठाकडे घटनेपासून एका वर्षाच्या आत अर्ज जायला हवा.

भावाच्या पगारातून ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कापला जात होता का, तेही बघा. कामाला जाता-येतानाचा अपघात त्या योजनेत मोडतो. ईएसआय नसेल तरी मालकाकडे दावा करता येतो का ते तपासावं लागेल. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये धाराशिव भागातल्या साखर कारखान्याच्या एका पहारेकऱ्याच्या बाबतीत, पहाटे ड्युटीवर जाताना रस्त्यात झालेला मृत्यू नोकरीशी जोडलेला मानला. फक्त एक सावधगिरी : एकाच अपघातासाठी दोन कायद्यांखाली भरपाई मागण्यावर ईएसआयमध्ये बंधन आहे. म्हणून पहिला अर्ज कुठे करायचा हे वकिलाला सगळे कागद दाखवून ठरवा, आणि वहिनींकडून कुठल्याही कोऱ्या कागदावर किंवा कमिशनच्या करारावर स्टेशनबाहेरच्या दलालाला सही घेऊ देऊ नका.