सेन्सर खरं बोलत होता

दोन ऑक्सिजन सेन्सर, मजुरी आणि ‘डायग्नोसिस’ धरून मी ५२० डॉलर मोजले आणि गाडीचं मायलेज होतं तिथेच राहिलं. दुकानाचं नाव लिहीत नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आसपास राहणाऱ्यांनी अंदाज बांधत बसू नये. असली दुकानं एक नाही, दहा आहेत, आणि माझं त्या एकाशी आता भांडण उरलेलं नाही. (खरं सांगायचं तर थोडं उरलं आहे.)

‘मायलेज काय, सगळ्यांनाच कमी वाटतं,’ असं मला काउंटरवर ऐकावं लागलं, म्हणून हे आधी सांगतो. मला वाटत नव्हतं, मी मोजत होतो. गाडी घेतल्यापासून ग्लव्ह बॉक्समध्ये वही आहे. न्यू जर्सीत १९४९ च्या कायद्यामुळे आपला गॅस आपण भरायचा नसतो, पंपावरचा माणूस भरतो. त्याला ‘पहिल्या क्लिकला थांब, वर राउंड करू नकोस’ एवढं सांगितलं की टाकी दर वेळी साधारण त्याच पातळीला भरते. मग मैल भागिले गॅलन, एवढंच गणित. हिवाळ्यात २७ चे २४ झाले तेव्हा मी टायरमधली हवा पाहिली आणि गप्प बसलो. थंडीत मायलेज पडतंच. २० डिग्री फॅरनहाइटला शहरातलं मायलेज ७७ डिग्रीपेक्षा १५ टक्क्यांनी कमी भरतं, हे सरकारच सांगतं, शिवाय हिवाळ्यातल्या गॅसमध्ये ताकदही थोडी कमी. पण एप्रिल उलटला आणि वहीत २० लिहावं लागलं, तेव्हा थंडीची सबब संपली.

पाठोपाठ चेक इंजिन लाइट लागला. कोड पी०१३१, म्हणजे पुढच्या ऑक्सिजन सेन्सरचं व्होल्टेज कमी.

दुकानातल्या त्या गृहस्थानं स्कॅनर लावला, कोड वाचला आणि काउंटरवरचा मॉनिटर माझ्याकडे फिरवला. त्यावर इंधनबचतीचं सरकारी पान होतं. ऑक्सिजन सेन्सर बिघडल्यासारखा मोठा दोष दुरुस्त केला तर मायलेज ४० टक्क्यांपर्यंत सुधारू शकतं, अशा अर्थाचं वाक्य त्यानं बोटानं दाखवलं. वाक्य खरं आहे, मी नंतर जाऊन पाहिलं. फक्त ‘पर्यंत’वर त्याचं बोट नव्हतं. मग ‘माय फ्रेंड, इन्स्पेक्शन कधी आहे?’ इन्स्पेक्शन तोंडावर आलंय आणि चेक इंजिन लाइट जळत असला की न्यू जर्सीत गाडी नापास होते, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. मागचा सेन्सरही ‘जोडीनं बदललेला बरा’ म्हणून बदलला गेला. मागच्या सेन्सरचं मुख्य काम कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर नजर ठेवणं. गॅस किती सोडायचा हे प्रामुख्यानं पुढचा सेन्सर ठरवतो. जोडीनं बदलायला ते काय पायातले जोडे आहेत?

लाइट गेला. थोड्याच दिवसांत परत आला, या वेळी पी०१७१. मिश्रण लीन आहे, म्हणजे हवेच्या मानानं गॅस कमी पडतोय. मी वही घेऊन गेलो. वही बघायची त्याला गरज वाटली नाही. ‘गाडी म्हातारी झाली. आता कन्व्हर्टर गेला असणार,’ असं म्हणून त्यानं १,८०० डॉलरचा अंदाज कागदावर लिहिला. कन्व्हर्टर कमी पडतोय हे सांगणारा पी०४२० कोड गाडीत नव्हताच. ‘मग कशावरून?’ विचारल्यावर उत्तर मिळालं, ‘एक्स्पीरियन्स.’

त्या रात्री स्वयंपाकघरातल्या टेबलावर मी पहिली वर्क ऑर्डर पुन्हा वाचली. ग्राहकाची तक्रार या रकान्यात दुकानातल्या त्या गृहस्थाच्याच अक्षरात दोन गोष्टी होत्या: मायलेज कमी, आणि सकाळी गाडी सुरू केल्यावर टिक-टिक आवाज, गरम झाल्यावर बंद. दुसरी गोष्ट मी मुद्दाम लिहून घेतली होती आणि तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. गाडी लीन आहे म्हणतात, तर मग टेलपाइप काजळीनं काळा का? गॅरेजमध्ये कच्च्या गॅसचा वास का? गॅस कमी पडणाऱ्या इंजिनाचं मायलेज २० वर का यावं? एकदा हे प्रश्न ओळीनं समोर आले आणि झोप उडाली. रागानं उडाली.

दुसऱ्या दिवशी साउथ प्लेनफिल्डमधल्या एका वयस्कर पोलिश मेकॅनिककडे गाडी रात्रभर ठेवली, इंजिन थंड असताना पाहा म्हणून. त्यानं एक स्पार्क प्लग काढून माझ्या हातात दिला, काळाकुट्ट. मग एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या गॅस्केटवर टॉर्च मारला. जोडावर काजळीचा ओघळ होता. हिवाळ्यातल्या रस्त्यावरच्या मिठानं तिथला एक बोल्ट गंजून तुटला होता. धुराचे हबके जातात तेव्हा त्या फटीतून फट्-फट् करत बाहेर पडतात, तोच तो टिक-टिक आवाज. दोन हबक्यांच्या मध्ये बाहेरची हवा आत ओढली जाते. पुढे बसलेल्या सेन्सरला त्या हवेतला ऑक्सिजन दिसतो आणि तो इमानानं सांगतो: ऑक्सिजन फार आहे. संगणक गॅस वाढवतो. फट तशीच, म्हणून आणखी वाढवतो. धातू तापून फुगला की आवाज बसतो, पण हवा येतच राहते.

लॅक्टोमीटरनं दुधात पाणी दाखवलं म्हणून कुणी लॅक्टोमीटर बदलत नाही. १९७६ मध्ये व्होल्व्होनं बॉशचा हा सेन्सर गाडीत बसवला तेव्हापासून त्याचं काम तेच, दिसेल ते सांगायचं. तो मेलाय की खरं बोलतोय, एवढं तपासायला पंधरा मिनिटं लागतात.

आता तुमच्यासाठी. १९९६ पासून इथे विकल्या जाणाऱ्या प्रत्येक कारमध्ये स्टिअरिंगखाली ओबीडी-टूचं सॉकेट असतं. वीस-तीस डॉलरचं ब्लूटूथ रीडर घ्या आणि कोडपेक्षा ‘फ्युएल ट्रिम’ बघा. लाँग टर्म ट्रिम दहा टक्क्यांच्या आत, कमी वा जास्त, असेल तर ठीक. माझ्या गाडीचा २२ टक्के अधिक होता, म्हणजे संगणक तेवढा जादा गॅस ओतत होता. इंजिन नीट तापल्यावर साध्या पुढच्या सेन्सरचं व्होल्टेज ०.१ ते ०.९ च्या दरम्यान भराभर वरखाली होतं. अॅक्सिलरेटर झटकन दाबला की ते ०.८ च्या वर उडी मारतं. उडी मारली तर सेन्सर जिवंत आहे. संथपणे हलत असेल (बहुधा पी०१३३) तर खुशाल बदला. पी०१३५ हा सेन्सरच्या हीटरचा कोड, तिथे आधी फ्यूज बघा. पण अनेक नव्या गाड्यांत, विशेषतः जपानी, पुढे वाइडबँड सेन्सर असतो आणि तो असा नाचत नाही. त्याला साध्याच्या मापानं मोजून मेला ठरवणारे मेकॅनिक मी पाहिले आहेत.

गळती घरीही शोधता येते. इंजिन पूर्ण थंड हवं. शॉप व्हॅकची नळी फुंकण्याच्या बाजूला लावून टेलपाइपमध्ये हवा सोडा आणि मॅनिफोल्डच्या जोडांवर साबणाचं पाणी फवारा. बुडबुडे आले की उत्तर मिळालं. गरम एक्झॉस्टवर पाणी मारायला जाऊ नका. थर्मोस्टॅट उघडा अडकला किंवा ब्रेक घासत राहिला तरी मायलेज पडतं, तेही बघून घ्या.

एअर फिल्टर वेळेवर बदला वगैरे सगळे सांगतातच.

दुकानात मात्र ‘कोणता पार्ट गेला?’ असं विचारू नका. ‘कोणती टेस्ट केली आणि आकडा काय आला?’ असं विचारा आणि आकडा वर्क ऑर्डरवर लिहून घ्या. डायग्नोसिसचे शंभरेक डॉलर घेऊन नुसता कोड वाचून दाखवत असतील तर निघा. कोड पार्ट्सच्या दुकानात फुकट वाचून मिळतो. जुने पार्ट परत हवेत हे काम सुरू होण्याआधी लिहून द्या. न्यू जर्सीत आधी मागितले तर सहसा द्यावेच लागतात. नंतर मागाल तर ‘फेकले’ असं ऐकाल, मी ऐकलं.

गॅस्केट, बोल्ट आणि मजुरीचे मिळून २३० झाले. वहीत पुढच्या टाक्यांना २६, २७. बिल आणि वही घेऊन पहिल्या दुकानात गेलो, तर तो म्हणाला, ‘सेन्सर तसेही जुने होते, माय फ्रेंड.’ परतावा नाहीच. राज्याच्या ग्राहक विभागाकडे तक्रार दिली आहे, दोन्ही वर्क ऑर्डर जोडून.

आणखी एक. दुरुस्तीनंतर कोड पुसला की गाडीच्या स्वतःच्या चाचण्याही कोऱ्या होतात. २००१ आणि त्यानंतरच्या गाडीला त्यातली एखादीच अपूर्ण चालते, जास्त असतील तर परत पाठवतात. म्हणून काही दिवस शहरात आणि हायवेवर मिळून चालवा, रीडरवर ‘रेडी’ दिसू द्या, आणि मगच इन्स्पेक्शनच्या रांगेत उभे राहा. सरकारी केंद्रात ते फुकट होतं.