न बुडणारी बोट

(रिमोटवर चालणारी छोटी बोट पाण्याने भरली, तरी ती बुडू नये म्हणून काय करावे, याची माहिती या पाठात दिली आहे.)

मुलांनो, पहिला पाऊस पडला, की अंगणात साचलेल्या पाण्यात तुम्ही कागदाची होडी नक्कीच सोडली असेल. थोड्या वेळाने कागद भिजतो, होडी बुडते आणि आपण हसत हसत दुसरी होडी करतो. पण बोट रिमोटवर चालणारी असेल तर? तिच्यात मोटर असते, बॅटरी असते आणि रिमोटचा संदेश घेणारा रिसीव्हर असतो. ती तयार करायला कित्येक दिवस लागतात. साठवलेले पैसेही खर्च होतात. अशी बोट बुडाली, तर हसू येत नाही.

रेडिओलहरींनी चालणारी बोट ही काही आजची गोष्ट नाही. निकोला टेस्ला या शास्त्रज्ञाने १८९८ साली न्यूयॉर्क शहरातील एका प्रदर्शनात अशी बोट लोकांना दाखवली होती. आज तिच्यासारख्या बोटी मुलेसुद्धा बनवतात.

एकदा विज्ञान प्रदर्शनाच्या तयारीसाठी आम्ही गावाबाहेरच्या तलावावर गेलो होतो. नववीतल्या एका विद्यार्थ्याची बोट पाण्यावर छान धावत होती. वळण घेताना ती कलली, आत पाणी शिरले आणि पाहता पाहता ती दिसेनाशी झाली. “सर, माझी बोट!” असे ओरडत तो मुलगा थेट पाण्यात उतरला. मी धावत जाऊन त्याचा हात धरला. तेव्हा पाणी त्याच्या गुडघ्यापर्यंत होते. पण दोन पावलांवर तळ एकदम खोल होता. तेथे म्हशी धूत असलेल्या माणसाने ते आम्हांला नंतर सांगितले. त्या दिवसापासून मी मुलांना बोट चालवायला शिकवण्याआधी, ती न बुडणारी कशी करावी, हे शिकवतो.

बोट तरंगते कशी, ते आधी पाहू. वस्तू पाण्यात गेली, की ती आपल्या जागेचे पाणी बाजूला सारते. जेवढे पाणी बाजूला सारले जाते, तेवढ्या पाण्याच्या वजनाइतक्या जोराने पाणी त्या वस्तूला वर ढकलते. हे आर्किमिडीजचे तत्त्व होय. वर ढकलणाऱ्या या बलाला प्लावक बल म्हणतात. बोट आतून पोकळ असते. त्या पोकळीत हवा असते, म्हणून बोट आपल्या वजनाइतके पाणी सहज बाजूला सारते. पण पोकळीत पाणी शिरले, की हवा बाहेर जाते. मग उरते फक्त बोटीचे प्लास्टिक, मोटर आणि बॅटरी. या सर्व वस्तू मिळून पाण्यापेक्षा जड असतात. म्हणून बोट तळाशी जाते.

पाणी आत येण्याच्या वाटा अनेक असतात. पंख्याचा दांडा ज्या नळीतून बाहेर जातो, तेथून पाणी झिरपते. झाकण सैल असेल, तर लाटेचे पाणी वरून येते. या वाटा बंद कराव्यातच. परंतु एखादी वाट कधीतरी उघडी राहतेच. म्हणून बोटीच्या आत अशी काही जागा हवी, की जेथे पाणी शिरूच शकणार नाही. थर्मोकोलचे तुकडे हेच काम करतात.

मग थर्मोकोल किती घालावा? हिशेब सोपा आहे. एक घनसेंटिमीटर पाण्याचे वजन एक ग्रॅम असते. बॅटरीसह तुमच्या बोटीचे वजन १२०० ग्रॅम असेल, तर तिच्यात किमान १२०० घनसेंटिमीटर थर्मोकोल भरा. तो १२०० ग्रॅम पाणी बाजूला सारील. १५ सेंटिमीटर लांब, ५ सेंटिमीटर रुंद आणि ४ सेंटिमीटर जाड अशा एका तुकड्याचे घनफळ ३०० घनसेंटिमीटर होते. असे चार तुकडे पुरेत. या चारही तुकड्यांचे मिळून वजन ४० ग्रॅमही भरत नाही! शिवाय प्लास्टिक आणि बॅटरीसुद्धा थोडे पाणी बाजूला सारतात. त्यामुळे बोट भरली, तरी तिचा काही भाग पाण्यावर राहतो.

मात्र तुकडे कोठे बसवायचे, हे फार महत्त्वाचे आहे. ते तळाशी बसवू नका. थर्मोकोल वर जाऊ पाहतो आणि बॅटरी खाली जाऊ पाहते. थर्मोकोल खाली आणि बॅटरी वर अशी रचना केली, तर पाणी भरताच बोट उलटी होईल. म्हणून जड बॅटरी तळाशी ठेवा. थर्मोकोल वरच्या फळीच्या लगेच खाली बसवा. एक तुकडा पुढच्या टोकाला, एक मागच्या टोकाला आणि एकेक दोन्ही बाजूंना, म्हणजे तोल सांभाळला जाईल.

तुम्ही कोळ्यांचे जाळे पाहिले आहे का? त्याच्या वरच्या कडेला तरंगणारे गोळे असतात आणि खालच्या कडेला शिशाची वजने असतात. म्हणून जाळे पाण्यात भिंतीसारखे उभे राहते. इंग्लंडमधील लायोनेल ल्यूकिन हा घोडागाड्या बनवणारा कारागीर होता. त्याने १७८५ साली न बुडणाऱ्या नौकेचे पेटंट घेतले. नौकेच्या वरच्या काठांना बूच, दोन्ही टोकांना हवाबंद पेट्या आणि तळाला लोखंडाचे वजन, अशी तिची रचना होती. हलके वर आणि जड खाली, हाच नियम तेथेही होता.

आता काही सूचना लक्षात ठेवा. अंघोळीचा स्पंज वापरू नका. तो पाणी पितो. फुगाही नको, त्यातील हवा हळूहळू निघून जाते. घट्ट झाकणाच्या रिकाम्या छोट्या बाटल्या चालतील. थर्मोकोल पेट्रोलने विरघळतो आणि काही गोंदांनीही विरघळतो. म्हणून गोंदाचा एक थेंब आधी लहान तुकड्यावर टाकून पाहा. तुकड्यांना चिकटपट्टी गुंडाळा, म्हणजे थर्मोकोलचे दाणे सुटून तलावात जाणार नाहीत. मोटर चालताना तापते, म्हणून तिच्याभोवती मोकळी जागा ठेवा.

शेवटी परीक्षा घ्या, पण तलावात नव्हे, घरच्या टबात. मोटर, बॅटरी आणि रिसीव्हर काढून त्यांच्या जागी तेवढ्याच वजनाचे दगड बांधा. मग बोट पाण्याने काठोकाठ भरा. ती सरळ तरंगत राहिली, तर तुम्ही उत्तीर्ण झालात! कलली, तर तुकड्यांची जागा बदला. बुडाली, तर थर्मोकोल वाढवा.

एवढे करूनही बोट कधीतरी तलावाच्या मध्येच बंद पडेल. तेव्हा घाई करू नका. तरंगणारी बोट वाऱ्याने हळूहळू किनाऱ्याला लागते. नाहीतर लांब दोरीला टेनिसचा चेंडू बांधून बोटीच्या पलीकडे फेका आणि दोरी ओढून बोट जवळ आणा. बोट हाती आली, की सर्वांत आधी बॅटरी काढा. पाण्यात मात्र उतरू नका. थर्मोकोल बोटीला वाचवतो, कारण तो बोटीच्या आत असतो. तुम्हांला वाचवतो, कारण त्याच्यामुळे तुम्ही किनाऱ्यावर थांबू शकता.

शब्दार्थ
कलणे – एका बाजूला झुकणे
झिरपणे – थोडे थोडे पाणी आत येणे
घनफळ – वस्तूने व्यापलेली जागा
बूच – बाटलीला लावतात ते हलके, लाकडासारखे झाकण, त्याचा पदार्थ
काठोकाठ – अगदी कडेपर्यंत

स्वाध्याय
१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) टेस्ला यांनी रेडिओलहरींनी चालणारी बोट कोणत्या साली दाखवली?
(आ) बोट हाती आल्यावर सर्वांत आधी काय करावे?
२. कारणे लिहा.
(अ) थर्मोकोल बोटीच्या तळाशी बसवू नये.
(आ) बोटीत स्पंज वापरू नये.
३. बोटीचे वजन १५०० ग्रॅम असेल, तर ३०० घनसेंटिमीटरचे किमान किती तुकडे लागतील?
४. हवा, वजन, जहाज, किनारा, बाजू हे शब्द उर्दूतही आहेत. प्रत्येक शब्द वापरून मराठीत एकेक वाक्य लिहा.
५. तुमचा मित्र बोट आणायला पाण्यात उतरत आहे. तुम्ही त्याला काय सांगाल? पाच ओळी लिहा.