शंका-समाधान : तिबेटचा राजा आणि साम्ये विहार

प्रश्न : विहारातल्या प्रवचनात मी सांगितलं, की तिबेटात धम्म राजा सोंग्त्सेन गाम्पोनं नेला. एका गृहस्थांनी सगळ्यांसमोर खोडून काढलं, ‘तो त्रिसोंग देत्सेन!’ तेव्हापासून मनाला टोचणी लागली आहे. मी लोकांना चुकीचं सांगितलं का?

उत्तर : नाही. तुम्ही सुरुवात सांगितलीत, त्यांनी पुढचा टप्पा. सातव्या शतकात सोंग्त्सेन गाम्पोच्या काळी ल्हासात पहिली बुद्धमंदिरे झाली, जोखांग त्यांतलेच. पण तिबेटी भिक्षुसंघ नव्हता.

इ.स. ७५५च्या सुमारास त्रिसोंग देत्सेन गादीवर आला, तेव्हा जुना धर्म मानणारे सरदार प्रबळ होते. त्याने भारतातून आचार्य शांतरक्षितांना बोलावले. विरोधामुळे ते परत गेले. राजाने पुन्हा बोलावले. मग साम्ये विहार उभा राहिला. त्याचा आराखडा बिहारमधल्या ओदंतपुरीवरून घेतला, असे परंपरा सांगते. तिथेच ७७९च्या सुमारास पहिल्या तिबेटी भिक्षूंना उपसंपदा (संघात पूर्ण प्रवेश) मिळाली; परंपरा त्यांची संख्या सात सांगते. विहार कधी मोडू नयेत, त्यांची तरतूद घटवू नये, अशी राजाची शपथ कोरलेला दगडी स्तंभ साम्येला आहे. माझ्या मते त्याचे सर्वांत मोठे काम हेच : संघाच्या पोटापाण्याची सोय. पुढच्या वेळी दोन्ही नावे घ्या. त्या गृहस्थांनाही बरे वाटेल.

प्रश्न : दिवसा बांधलेल्या साम्येच्या भिंती रात्री राक्षस पाडत आणि गुरू पद्मसंभवांनी त्यांना वश केलं, असं मुलानं वाचलं. आमच्या घरी बाबासाहेबांच्या बावीस प्रतिज्ञा मानतात. हे खरं मानायचं का?

उत्तर : इतिहास म्हणून नाही. ही कथा नंतरच्या चरित्रग्रंथांत रंगली. साम्येच्या स्तंभलेखात पद्मसंभवांचे नावही नाही. सरदारांचा विरोध मात्र खरा होता. मुलाला कथा वाचू द्या, आणि स्तंभाबद्दलही सांगा. प्रतिज्ञांना त्याने बाध येत नाही.

प्रश्न : सासऱ्यांनी ठेवलेला जुना थांगका (कापडावरील तिबेटी धर्मचित्र) घरात आहे. ‘जवळ ठेवणं गुन्हा आहे’, असं शेजारी म्हणतात. भीती वाटते.

उत्तर : घरात असणे हा गुन्हा नव्हे. मात्र १९७२च्या पुरावस्तू कायद्यानुसार १०० वर्षांहून जुन्या चित्राची नोंदणी करावी लागते. वय फोटोवरून मला ठरवता येणार नाही. पुरातत्त्व विभागाच्या नोंदणी अधिकाऱ्यांनाच दाखवा. तोवर विकू नका, परदेशी पाठवू नका आणि घरी पुसूनही काढू नका. रंग सुटत असतील, तर कलासंवर्धकाकडेच (जुन्या कलावस्तूंची डागडुजी करणारा तज्ज्ञ) न्या.