फाइल माझी, मग परवानगी कुणाची?

प्रश्न : विंडोजवर लिहिलेली बॅकअपची स्क्रिप्ट पेनड्राइव्हवरून उबंटूवर नेली. चालवायला गेलो तर ‘परमिशन डिनाइड’! विंडोज असं कधी अडवत नाही. हा फरक का?

उत्तर : परवानगी तुमचीच हवी आहे, ती अजून दिलेली नाही इतकंच. युनिक्सच्या घराण्यातल्या लिनक्स आणि मॅकओएस या सिस्टिम प्रत्येक फाइलबरोबर वाचणं, लिहिणं आणि चालवणं या तीन हक्कांची नोंद ठेवतात; तीही मालक, गट आणि इतर यांच्यासाठी वेगवेगळी. टर्मिनलमध्ये ‘एलएस -एल’ देऊन बघा. ओळीच्या सुरुवातीला आर, डब्ल्यू ही अक्षरं दिसतील आणि एक्सच्या जागी नुसती आडवी रेघ. एक्स नसेल तर नाव काहीही असो, कर्नल फाइल चालवत नाही. ‘सीएचमॉड यू+एक्स’ आणि पुढे फाइलचं नाव द्या, काम होईल. पण त्याआधी फाइल होम फोल्डरमध्ये कॉपी करा. पेनड्राइव्ह बहुधा फॅट३२ किंवा एक्सफॅटचा असतो आणि त्यात ही नोंद ठेवायला जागाच नसते.

विंडोज डॉसच्या काळापासून नावाचं शेपूट बघतं : .ईएक्सई, .बॅट असेल तर चालवायची. तिथे हा हक्क मुळीच नाही, असं मात्र नाही. एनटीएफएसमध्ये ‘रीड अँड एक्झिक्यूट’ आहे, पण नव्या फाइलला तो फोल्डरकडून आपोआप मिळतो, म्हणून जाणवत नाही.

नावावर विसंबण्याची किंमत मे २००० मध्ये जगाने मोजली. ‘आय लव्ह यू’ व्हायरसची फाइल .टीएक्सटी.व्हीबीएस अशी होती. विंडोज शेवटचं शेपूट लपवत असल्याने लोकांना ती साधा मजकूर वाटली आणि त्यांनी क्लिक केलं. म्हणूनच, थोडा त्रास झाला तरी, मला युनिक्सची रीत अधिक योग्य वाटते. मात्र एक्स म्हणजे कुलूप नव्हे. ‘बॅश’ लिहून पुढे फाइलचं नाव दिलं तर एक्सशिवायही स्क्रिप्ट चालते, कारण तेव्हा बॅश ती फक्त वाचत असतो.

आणि एक्स देऊनही ‘बॅड इंटरप्रिटर’ असा संदेश आला, तर घाबरू नका. विंडोजवर ओळीच्या शेवटी एक जादा अक्षर पडतं, त्याचा तो परिणाम. ‘डॉस२युनिक्स’ ही छोटी आज्ञा ते काढून टाकते.