आधी टिबुकली कर

पहिलाच पक्षी रोहित नको गं. भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर थवे पाहून आलीस, तो गुलाबी रंग अजून डोळ्यांत आहे, कळतं मला. पण ते पाय! इतके उंच, बारीक पाय ओल्या मातीला पेलत नाहीत. आत लोखंडी तार घालावीशी वाटेल, तीही घालू नकोस. वाळताना, भाजताना माती आकसते, तार आकसत नाही, मग तिच्याभोवतीच तडा जातो. हौसच असेल तर पाय मुडपून बसलेला रोहित कर, पण पुढे कधीतरी.

त्याआधी एकदा सकाळी माझ्याबरोबर पुण्याच्या मंडईत चल. १८८६ पासून उभ्या असलेल्या त्या दगडी इमारतीच्या आसपास निम्मं तळं विकायला येतं, आपण फक्त भाजी म्हणून बघतो. थंडीत शिंगाडे येतात. फुगीर पोट, दोन्हीकडे शिंगं, अंगावर कंगोरे. एक घे, डोळे मिटून चाचप आणि मग तोच मातीत तळहाताएवढा घडव. आतून पोकळ ठेव, भिंत साधारण एक सेंटिमीटर, तळाला भोक. शिंगांची टोकं पोटाआधी वाळतात, म्हणून त्यांनाच प्लॅस्टिक गुंडाळ. वाळवायला मात्र घाई नको, बाई. वरून कोरडी दिसली तरी माती आत ओल धरून असते. भट्टीत १०० अंशांच्या पुढे तिची वाफ होते आणि वाट मिळाली नाही की काम फुटतं.

अळूचं पानही घेऊ. मातीची जाडसर पोळी लाट, पान शिरांच्या बाजूने त्यावर पालथं घाल, वरून लाटणं फिरव. शीर न् शीर उमटते.

मग टिबुकली. रोहित बघायला माणसं गाड्या भरभरून जातात, हिच्याकडे कोणी वळून बघत नाही. आणि ही तर आपल्या पाषाणच्या तलावातली! मातीसाठी इतका सोयीचा पक्षी नाही. आखूड मान, गोल अंग, पाय पाण्याखाली. तिचं घरटं म्हणजे पाण्यावर तरंगणारा शेवाळ-गवताचा ओला ढीग. घरट्यावरून उठताना ती अंडी त्याच गवताने झाकून जाते. तू आधी तेवढंच कर, पक्षी नंतर. मातीच्या वळ्या एकमेकींत गुंतवून घरटं रच, जोडाला खरवडून पातळ माती लाव, अंडी अर्धीच दिसू देत. चकचकीत ग्लेझ घरट्याला लावू नकोस, भाजल्या मातीचा रंगच राहू दे. लावायचंच तर खालच्या पाण्याला लाव.