स्वमग्न बालके, शैक्षणिक चित्रफीत आणि विद्यार्थ्यांचे संशोधन : एक अनुभव, काही धडे



वार्षिक अहवालात जमाखर्च, खाटांची संख्या आणि शस्त्रक्रियांचे आकडे असतात. ते याही अहवालात यथास्थान दिले आहेत. त्यांच्या जोडीला एक असा विषय मांडीत आहोत, ज्याचा हिशोब आकड्यांत बसत नाही, तरीही तो आपणांस देणे आमचे कर्तव्य आहे.

नांदेडला १९८८ साली आणि लातूरला २००२ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. आपल्या भागातील मुलेमुली घराजवळ डॉक्टर होऊ लागली, आणि अभ्यासाचा भाग म्हणून संशोधनाची परवानगी मागण्यासाठी धर्मादाय रुग्णालयांतही येऊ लागली. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद १९७९ पासून पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी अल्पमुदतीची संशोधन शिष्यवृत्ती चालविते. तिची मुदत दोन महिन्यांची. या दोन महिन्यांत काय होऊ शकते आणि काय होऊ शकत नाही, हाच या लेखाचा विषय आहे.

प्रस्ताव

वैद्यकीय शाखेच्या एका विद्यार्थिनीने आमच्याकडे प्रस्ताव आणला. स्वमग्न बालकांना, म्हणजे ज्यांच्या अवस्थेला डॉक्टर ऑटिझम म्हणतात अशा बालकांना, दोन महिने शैक्षणिक चित्रफीत दाखवावयाची आणि त्यांच्या संवादात किती सुधारणा झाली ते मोजावयाचे, असा तिचा मानस होता. हेतू निर्मळ होता, तळमळ खरी होती आणि खर्चही अल्प होता. आम्ही वाणिज्य शाखेचे पदवीधर. वैद्यकशास्त्रातले आम्हांस थोडेच कळते. तरी कमी खर्चाचा प्रस्ताव पाहिला की ‘मग खर्च कोणाच्या खात्यावर पडतो?’ हा प्रश्न आम्हांस सवयीने पडतो. येथे तो मातांच्या खात्यावर पडणार होता. किनवट किंवा उदगीरकडून लेकरू घेऊन येणाऱ्या मातेचा एका खेपेत पूर्ण दिवस जातो, एसटीचे भाडे लागते आणि रोजंदारीचा खाडा होतो. प्रस्तावाच्या अंदाजपत्रकात याची नोंद कोठेही नव्हती.

चित्रफीत काय करू शकते

चित्रफितीची कल्पना निराधार नाही. स्वमग्नतेचे पहिले सविस्तर वर्णन लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा बालकांवरून केले. अशा पुष्कळ बालकांना समोरच्या माणसाच्या चेहऱ्यावरील भाव वाचणे अवघड जाते, परंतु तेच तेच दृश्य पुन:पुन्हा पाहणे त्यांना आवडते. चित्रफीत प्रत्येक वेळी तशीच असते, ती रागावत नाही, थकत नाही, आणि हवी तेथे थांबविता येते. हात धुणे, बटण लावणे, केस कापून घेणे अशी एकच कृती क्रमाने दाखवावी आणि मग बालकाकडून ती करवून घ्यावी, या पद्धतीचा अभ्यास अनेक वर्षे झाला आहे. अमेरिकेत २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात प्रत्यक्ष माणसाने करून दाखविण्यापेक्षा चित्रफितीवरून मुले लवकर शिकली. त्यात पाचच मुले होती, हे मात्र ध्यानात ठेवावे.

इंग्लंडमध्ये केंब्रिज विद्यापीठातील सायमन बॅरन-कोहेन यांच्या चमूने ‘द ट्रान्सपोर्टर्स’ ही चित्रमालिका तयार केली. तिच्यात आगगाड्या व ट्राम यांना माणसांचे खरे चेहरे लावून आनंद, भीती, राग हे भाव शिकविले आहेत. पाच-पाच मिनिटांचे पंधरा भाग रोज थोडे थोडे, चार आठवडे दाखविल्यावर चार ते सात वर्षांच्या मुलांची भाव ओळखण्याची क्षमता वाढल्याचे २०१० साली प्रसिद्ध झाले.

आपल्याला अधिक जवळचे उदाहरण गोव्याचे आहे. तेथील संगत या संस्थेत आणि पाकिस्तानातील रावळपिंडीत मिळून दोन ते नऊ वर्षांच्या ६५ बालकांवर एक अभ्यास झाला व तो २०१६ साली ‘द लॅन्सेट सायकियाट्री’ या नियतकालिकात छापला गेला. त्यात चित्रफीत बालकाला दाखवावयाची नव्हती. पालक आणि बालक खेळत असताना त्यांचे चित्रण करावयाचे आणि नंतर ते पालकासोबत बसून पाहावयाचे: ‘येथे त्याने तुमच्याकडे पाहिले, येथे तुम्ही थांबलात म्हणून तो पुढे आला.’ हे काम तज्ज्ञ डॉक्टरांनी नव्हे, तर प्रशिक्षण दिलेल्या सामान्य कार्यकर्त्यांनी केले. पालकांचा प्रतिसाद सुधारला आणि बालके आपण होऊन अधिक वेळा संवाद सुरू करू लागली. मात्र दोघांनी मिळून एका गोष्टीकडे लक्ष देण्याचा काळ कमी झाला, हेही संशोधकांनी लपविले नाही. चांगल्या संशोधनाची ही खूण आम्हांस मोलाची वाटते. जमेच्या बाजूइतकीच खर्चाची बाजूही उघड मांडावी.

दोन महिन्यांच्या मर्यादा

विद्यार्थिनीच्या मार्गदर्शक डॉक्टरांनी आम्हांस तीन अडचणी समजावून सांगितल्या. पहिली अशी की, मूल दोन महिन्यांत तसेही वाढते. आधी व नंतर मोजून आलेला फरक चित्रफितीचाच, असे म्हणता येत नाही. त्यासाठी चित्रफीत न पाहणारा दुसरा गट हवा, अथवा सुरुवात करण्यापूर्वीच त्याच बालकाची अनेकदा नोंद घेतलेली हवी. दुसरी अडचण मोजमापाची. स्वमग्नतेसाठी आपल्याकडे चाळीस मुद्द्यांची भारतीय मापनश्रेणी वापरतात. दिव्यांग प्रमाणपत्रासाठी ती उपयुक्त आहे, परंतु अल्पकाळातील सूक्ष्म बदल टिपण्यासाठी ती तयार केलेली नाही. तिसरी अडचण अशी की, पडद्यावरचे पाहून मूल संवाद पाठ म्हणून दाखवील, पण मोरीत प्रत्यक्ष हात धुवील असे नाही. पडद्यावरून घरात उतरते तेच शिक्षण.

संमतीचा प्रश्न

याहून मोठा धडा आम्हांस संमतीपत्राच्या वेळी मिळाला. एका आजीबाईंसमोर संमतीपत्र वाचले जात असता त्या मध्येच म्हणाल्या, “तुमी सांगलालाव म्हणल्यावर कुठं बी अंगठा लावते, साहेब.” आणि मग हळूच विचारले, “ही फिल्म बघितली की लेकरू बोलंल का?”

या दोन वाक्यांनी आम्ही अंतर्मुख झालो. जेथे उपचार सवलतीत मिळतात, तेथे माणसाला ‘नाही’ म्हणणे जड जाते. उपकाराचे ओझे सहीवर येऊन बसते. देणगीदारांनी दिलेला पैसा रुग्णाला दिलासा देण्यासाठी आहे, त्याची संमती विकत घेण्यासाठी नाही. आणि संशोधनालाच उपचार समजून आशा लावून बसलेल्या आजीला फसविण्यासाठी खोटे बोलावे लागत नाही. नुसते गप्प राहिले तरी पुरते.

अनुसंधान परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत अशा परिस्थितीचा विचार आहे. बालकांच्या बाबतीत पालकांची संमती लागतेच. शिवाय सात ते बारा वर्षांच्या बालकाची तोंडी आणि त्यापुढे अठरापर्यंत लेखी अनुमती घ्यावी, असे सांगितले आहे. न बोलणाऱ्या बालकाची अनुमती कशी ओळखावी? ते तोंड फिरविते, उठून जाते, कानावर हात ठेवते. त्यालाच नकार मानावे, असे आम्ही ठरविले.

त्यानंतर पुढील बदल केले. सवलतीचा निर्णय आधी होतो आणि त्याची पावती हाती पडल्यावरच संशोधनाचा विषय निघतो. केसपेपर काढणारा कर्मचारी व उपचार करणारे डॉक्टर संमती घेत नाहीत. विचार करण्यासाठी घरी जाऊन पुढच्या खेपेला सांगण्याची मुभा असते. प्रवासखर्च दिला जातो आणि तो संशोधनाच्या निधीतूनच दिला जातो. धर्मादाय रुग्णालयांनी एकूण देयकांच्या दोन टक्के रक्कम ज्या निर्धन रुग्ण निधीत ठेवावयाची असते, त्यातील एक पैसाही अशा कामास लावावयाचा नाही, असा दंडक घातला.

प्रश्न बदलला

महाविद्यालयाच्या नैतिकता समितीने प्रस्ताव परत पाठविला तेव्हा विद्यार्थिनी हिरमुसली. पण मग तिनेच प्रश्न बदलला. ‘चित्रफितीने बालक सुधारते का?’ हा प्रश्न सोडून ‘हात धुण्याची तीन मिनिटांची चित्रफीत पालकांना समजते का आणि घरी वापरता येते का?’ हा प्रश्न तिने घेतला. तो दोन महिन्यांत प्रामाणिकपणे विचारता येण्याजोगा होता.

उत्तरे उद्‌बोधक होती. चित्रफितीत भिंतीवरचे बेसिन आणि धो-धो वाहणारा नळ होता. २०१६ साली ज्या लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या भागातील मातांनी लगेच सांगितले की आमच्या घरी बादली आणि तांब्या आहे, लेकरू नळ शोधत बसेल. निवेदनातील ‘आता आपण हस्तप्रक्षालन करूया’ हे वाक्य कोणाच्याच घरातले नव्हते. देगलूर-बिलोलीकडील काही घरांत तेलुगू, किनवट-माहूरकडील तांड्यांवर बंजारा बोली, तर अनेक घरांत दखनी उर्दू. पार्श्वसंगीताने काही बालकांनी कान झाकून घेतले.

मग साध्या मोबाइलवर नवे चित्रण झाले. बादली, तांब्या, दोन हात, संगीत नाही, शब्द मोजके आणि कॅमेरा बालकाच्या डोळ्यांच्या उंचीवर. कोणत्याही बालकाचा चेहरा त्यात घेतला नाही. दोन वर्षांखालील मुलांना पडदा दाखवू नये आणि मोठ्यांनाही पालकांनी सोबत बसूनच दाखवावे, अशी सूचना जोडली. मोबाइलमुळे स्वमग्नता होते असे सिद्ध झालेले नाही, हेही मातांना मुद्दाम सांगितले. एके काळी पाश्चात्त्य तज्ज्ञांनीही मातेच्या थंडपणाला दोष दिला होता. तो समज केव्हाच खोटा ठरला आहे.

अहवालात बालकांच्या सुधारणेचा कोणताही दावा केलेला नाही. तो महाविद्यालयात सादर होण्यापूर्वी पालकांपुढे मराठीत वाचला गेला. एका कुटुंबाने मध्येच माघार घेतली. त्यांच्या बालकाची उपचारसत्रे पूर्ववत चालू राहिली. आजीबाईंनाही आम्ही खरे सांगितले: फिल्म पाहून लेकरू बोलेल असे वचन देता येत नाही; हात धुण्यास ते शिकू शकेल, आणि वाचा-उपचार तर चालूच राहतील. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. पण पुढच्या वारी आल्या.

पालकांस विनंती

कोणत्याही रुग्णालयात कोणी संशोधनाचा कागद पुढे केल्यास निःसंकोच विचारावे: हा उपचार आहे की अभ्यास? नाही म्हटल्यास सवलत जाईल का? माझ्या मुलाचे चित्रण कोण पाहील आणि ते किती दिवस ठेवाल? मध्येच सोडता येईल का? तुम्ही गेल्यावर आमच्या हाती काय राहील? उत्तर समाधानकारक नसेल तर सही करू नये. अभ्यासात भाग घ्या अथवा न घ्या, २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमानुसार मिळणारे प्रमाणपत्र, राष्ट्रीय न्यासाची एक लाख रुपयांपर्यंतची निरामय आरोग्य विमा योजना आणि जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र यांची माहिती आमच्या समाजसेवा कक्षात प्रत्येकास मिळते.

देणगीदारांस नम्र निवेदन असे की, या प्रकल्पातून मोठा शोध लागलेला नाही. तीन मिनिटांची एक चित्रफीत, सुधारलेले एक संमतीपत्र आणि लोकांचे म्हणणे ऐकून घेण्यास शिकलेली एक भावी डॉक्टर, एवढेच जमेस धरावे. विश्वस्त मंडळाने यापुढील प्रत्येक विद्यार्थी-प्रकल्पास हेच नियम लागू केले आहेत. आपण आमच्यावर टाकलेल्या विश्वासाचा हिशोब आम्ही असाच देत राहू.