पॅड नीट बसलं का?

बंगळुरूत गडद रंगाची गाडी घेतली की माणूस आज ना उद्या पॉलिशकडे वळतो. आमच्या भागात बोअरवेलचं जड पाणी. धुतलेली गाडी उन्हात वाळली की बॉनेटभर पांढरे ठिपके. मग कंपाउंड कुठलं, फोम कुठला, यावर लोक तासन्‌तास बोलतात. पॅड मशीनवर कसं बसवायचं हे मात्र कुणी विचारत नाही आणि मी पाहिलेले घोटाळे बहुतेक तिथेच झालेत.

आमच्या बेसमेंटमधलाच प्रसंग. शेजारच्या तरुणाने घरातल्या चार इंची ग्राइंडरला अ‍ॅडॅप्टर लावून सहा इंची फोमचं पॅड चढवलं. अ‍ॅडॅप्टर दुकानदाराने 'स्वल्प अ‍ॅडजस्ट माडी' (जरा चालवून घ्या) म्हणत दिला होता. बटण दाबताच पॅड सुटलं आणि खांबावर आपटलं. मशीनला हिसका बसला, पॅडमागच्या उघड्या प्लेटने दाराच्या रंगात चंद्रकोर कोरली. नशीब, समोर कुणी उभं नव्हतं.

हिशेब साधा आहे. असा ग्राइंडर मिनिटाला 11,000 फेऱ्यांच्या आसपास फिरतो, रोटरी पॉलिशर साधारण 600 ते 3,000. सहा इंची पॅडची कड 3,000 फेऱ्यांना ताशी 85 किलोमीटरने पळते, 11,000ला तीनशेच्या वर. पॅड प्लेटला धरून ठेवणाऱ्या व्हेल्क्रोकडून तेवढी अपेक्षा ठेवू नये. बॅकिंग प्लेटवर कमाल वेग छापलेला नसेल तर ती दुकानातच राहू द्या.

दुसरी भानगड आट्यांची. आपल्याकडच्या पॉलिशरचा स्पिंडल बहुधा एम-14 असतो, चार इंची ग्राइंडरचा एम-10. अमेरिकी धाटणीच्या प्लेटला 5/8 इंची आटे. ती एम-14वर एखादा फेरा गोडीने जाते, मग अडते. लोकांना वाटतं घट्ट बसली आणि वर पाना घालतात! आटे मरतात, प्लेट वाकडी फिरते. योग्य प्लेट नुसत्या हाताने शेवटपर्यंत जायला हवी. प्लेट घ्यायला जे. सी. रोड किंवा एस. पी. रोडला जाताना मशीन पिशवीत घालून न्या आणि काउंटरवरच प्लेट चढवून बघा. गाडी मात्र नेऊ नका, मेट्रोने जा. तिथल्या पार्किंगविषयी न बोललेलंच बरं.

घरी आल्यावर प्लग काढल्याशिवाय प्लेटला हात लावायचा नाही. स्पिंडल-लॉकचं बटण मशीन पूर्ण थांबल्यावरच दाबायचं. पॅड प्लेटपेक्षा थोडं मोठं हवं, म्हणजे प्लेटची कडक कड रंगाला लागत नाही. मशीन उलटं धरा, वरून बघा आणि प्लेटबाहेर उरलेला फोम सगळीकडून सारखा दिसेपर्यंत पॅड काढून पुन्हा लावा. मी यात घाई करत नाही. पॅड जरा जरी एका बाजूला गेलं तरी हात झिणझिणतात, आणि तसंच रेटत राहिलं तर व्हेल्क्रो तापून त्याचे आकडे वितळतात. नाडीचं लोकरी टोपडं असेल तर गाठ मारून टोकं आत खोचा. लोंबणारी नाडी वायपरला अडकते. मग वायर खांद्यावरून मागे टाका, पॅड पत्र्यावर सपाट टेकवा आणि सगळ्यांत कमी वेगावर सुरू करा. हवेत सुरू करून दाखवायची हौस असते काहींना. कंपाउंडचे शिंतोडे काचेवरून पुसताना ती फिटते.

काम संपल्यावर पॅड गरम असतं, आतला डिंक मऊ झालेला असतो. लगेच ओढलं तर फोम हातात आणि व्हेल्क्रो प्लेटवर. थंड होऊ द्या, मग कडेपासून सोलत काढा. पॅड प्लेटला तसंच चिकटलेलं ठेवून मशीन त्यावर उभं करू नका. फोम चेपतो, आकडे आडवे होतात. धुतलेलं पॅड इथल्या पावसाळी हवेत लवकर वाळत नाही आणि ओल्या पाठीचं पॅड नीट धरत नाही, म्हणून जोडीला एक कोरडं पॅड ठेवा.